कर्कपेशीची लवचीकता आणि बावीस अक्षरांचा रेणू

कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्यातून सुटलेल्या पेशी दूरच्या अवयवांत रुजल्यामुळे ओढवतात. या प्रसाराला वैद्यकात मेटास्टॅसिस म्हणतात. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून असे प्रतिपादन केले की, बी चहूकडे उधळले गेले तरी मानवेल त्याच जमिनीत ते उगवते. मात्र एका जागी घट्ट बांधलेली पेशी मुळात सुटी कशी होते आणि नव्या जागी पुन्हा बांधली कशी जाते, हा प्रश्न पुढे जवळजवळ शतकभर तसाच राहिला.

त्याचा एक धागा गर्भविकासाच्या अभ्यासातून हाती आला. एकमेकींना बिलगून थर रचणाऱ्या आच्छादक पेशी गर्भात आपले रूप टाकून सुट्या आणि फिरत्या होतात, हे हार्वर्डच्या एलिझाबेथ हे यांनी १९८० च्या दशकात स्पष्ट केले, आणि रूपांतराच्या याच क्षमतेला, म्हणजे पेशीच्या लवचीकतेला, पुढे कर्करोगाच्या अभ्यासातही स्थान मिळाले.

दुसरा धागा जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत सापडला. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या गटांनी १९९३ मध्ये दाखवले की, लिन-४ या जनुकापासून प्रथिन बनतच नाही. बनतो तो अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए, जो दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाही आरएनएला, म्हणजे प्रथिन बनवण्याची आज्ञा वाहून नेणाऱ्या रेणूला, चिकटून ती आज्ञा निष्फळ करतो. ही कृमीपुरती विचित्र गोष्ट असावी असा समज २००० पर्यंत टिकला. त्या वर्षी लेट-७ हा असाच रेणू माणसासह अनेक प्राण्यांत आढळला, आणि अशा रेणूंना लवकरच मायक्रोआरएनए हे नाव मिळाले. २०२४ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले, ते त्या कृमीवर चिकाटीने केलेल्या अभ्यासाचे यथोचित फळ होय.

कार्लो क्रोचे आणि जॉर्ज कॅलिन यांनी २००२ मध्ये रक्ताच्या एका कर्करोगात दोन मायक्रोआरएनए हरवलेले दाखवले, तर २००७ मध्ये रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने एमआयआर-१०बी या मायक्रोआरएनएमुळे स्तनकर्करोगाच्या पेशी उंदरांत आक्रमक होतात हे सिद्ध केले.

तथापि लवचीकतेचे मर्म उलगडले ते २००८ मध्ये, जेव्हा अ‍ॅडलेडच्या गुडॉल यांच्या गटासह अनेक गट एमआयआर-२०० या पाच मायक्रोआरएनएंच्या कुटुंबापर्यंत स्वतंत्रपणे पोहोचले. हे कुटुंब झेब१ आणि झेब२ या प्रथिनांची निर्मिती दडपते. ही प्रथिने पेशींना एकमेकींशी जखडणाऱ्या ई-कॅडहेरिनचे जनुक बंद करतात, आणि उलट झेब१ स्वतः एमआयआर-२०० च्या जनुकांना गप्प करते. दोन प्रतिस्पर्धी एकमेकांना दाबत असल्यामुळे कोणत्याही एका बाजूचे पारडे थोडे जड झाले की पेशी संपूर्ण त्या बाजूला झुकते, आणि संकेत बदलले तर परतही येऊ शकते. जनुकाच्या अक्षरांत कायमचा बिघाड न होता पेशी आपले रूप पालटते व पुन्हा धारण करते, याचे इतके नेमके स्पष्टीकरण तोवर नव्हते.

साहजिकच एमआयआर-२०० ला प्रसाराचा शत्रू मानले जाऊ लागले; परंतु प्रिन्स्टनमधील यिबिन कांग यांच्या गटाला, ज्याने २००८ मध्ये त्याचा रूपांतरविरोधी गुण नोंदवला होता, २०११ मध्ये उंदरांत असे आढळले की तोच रेणू वाढवल्यास कर्कपेशी दूरच्या अवयवांत अधिक सहजपणे वसतात, कारण वसाहतीला अटकाव करणाऱ्या प्रथिनांचा पेशीबाहेर होणारा स्राव तो घटवतो.