खोडदच्या कोडची बखर

नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पाहायला विज्ञान दिनाला शाळकरी मुलांची झुंबड उडते. दुर्बिणीच्या कोडला मात्र नाव मिळायला बराच उशीर झाला.

तबकड्यांनी टिपलेले संकेत म्हणजे आकाशाचं चित्र नव्हे. विजेच्या तारांची खरखर, उपग्रहांचा गोंगाट वेचून टाकावा लागतो, मग अंशांकन, मग चित्र. पूर्वी हे अमेरिकेतल्या ‘एप्स’ या सॉफ्टवेअरवर, बरंचसं हातानं चाले. जुळवून आणलेल्या आज्ञावल्या एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात. लिहिणाऱ्याच्या वाट्याला फार तर आभाराची ओळ.

आज्ञावली नियतकालिकात छापायची प्रथा मात्र जुनी. ‘कॉम्प्युटर फिजिक्स कम्युनिकेशन्स’ 1969 सालचं. त्याच्या जोडीला बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात आज्ञावल्यांचं ग्रंथालयही होतं. तरी जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या जयंती प्रसाद आणि जयराम चेंगलूर यांनी गोंगाट वेचणाऱ्या ‘फ्लॅगकॅल’वर ‘एक्सपेरिमेंटल अॅस्ट्रॉनॉमी’त निबंध लिहिला तो 2012 मध्ये.

अशा कोडची किंमत कळते ती टीजीएसएस या आकाश-पाहणीमुळे. 2010 ते 2012 दरम्यान खोडदहून 150 मेगाहर्ट्झवर आकाशाची पाहणी झाली. तीच निरीक्षणं हुइब इन्टेमा आणि सहकाऱ्यांनी ‘स्पॅम’ या आज्ञावलीतून नव्यानं काढली आणि 2017 मध्ये सुमारे 6.2 लाख रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. आकाश तेच, तबकड्याही त्याच! ‘स्पॅम’मागची पद्धत 2009 मध्येच छापून आलेली असल्यानं यादी वापरणाऱ्याला ती कशी बनली हे तपासता येतं.

दुर्बिणीचं नूतनीकरण झालं, वारंवारतेचे पट्टे रुंदावले, विदा फुगली. तिच्यासाठी ऋता काळे आणि ईश्वरचंद्र सी. एच. यांनी लिहिलेल्या ‘कॅप्चर’वरचा निबंध 2021 मध्ये आला, कोड गिटहबवर खुलं आहे. जीएमआरटीची निरीक्षणंही ठरावीक मुदतीनंतर सर्वांना मिळतात. त्यामुळे नागपूरच्या सक्करदऱ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा एमएस्सीचा विद्यार्थीही, बऱ्यापैकी संगणक हाताशी असेल तर, एखाद्या दीर्घिकेचं चित्र स्वतः काढू शकतो.

निबंध तपासणारा कोड चालवून बघेलच याची हमी नसते. 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’मध्ये म्हणूनच निबंध छोटासा असतो आणि परीक्षक सॉफ्टवेअर बसवून, चालवून, उघडपणे शेरे देतात. छापलेला निबंध त्या सालचाच राहतो, कोड मात्र बदलत जातं. तेव्हा हल्ली संदर्भात निबंधासोबत वापरलेल्या आवृत्तीचा क्रमांकही लिहायला सांगतात.