पुण्यात गाडी ट्यून करून घेताय? मग इंजिनाला 'व्हॅक्यूम पंप' बसवण्याआधी हे वाचा

चाकणच्या प्लांटमधून बाहेर पडलेली फोक्सवॅगन पोलो पुण्यातल्या गाडीवेड्या पोरांची लाडकी. २०२२ मध्ये ती बंद झाली, तरी तिच्या टर्बो इंजिनाची ताकद वाढवून घेणारे आजही कमी नाहीत. आधी रिमॅप, मग एअर फिल्टर, मग एक्झॉस्ट, आणि पुढे कधीतरी एखादा परदेशी व्हिडिओ बघून प्रश्न पडतो की ड्रॅग रेसच्या गाड्यांना असतो तो क्रँककेस व्हॅक्यूम पंप आपल्या गाडीला बसवला तर?

त्यासाठी आधी इंजिनाच्या आत डोकावून बघावं लागेल.

पिस्टनच्या वर पेट्रोलचा भडका उडतो आणि तो दाब पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टन आणि सिलेंडरमधली फट रिंगा बंद ठेवतात, पण शंभर टक्के नाही. थोडा वायू रिंगांच्या कडेने निसटून खाली क्रँकशाफ्ट फिरतो त्या पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये उतरतो. याला 'ब्लो-बाय' म्हणतात. नव्याकोऱ्या इंजिनातही तो असतोच. रिंगा झिजल्या की वाढतो, आणि मग मेकॅनिक ऑइलचं झाकण उघडून धूर बघतो आणि म्हणतो, "बॅक कॉम्प्रेशन मारतंय."

हा वायू बाहेर काढला नाही तर आत दाब साठतो. मग ऑइल सील पाझरतात, कधी डिपस्टिक उडून वर येते. जुन्या काळी एक नळी खाली रस्त्याकडे सोडून दिलेली असायची, धूर थेट हवेत. १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह आला. हा व्हॉल्व्ह तो वायू पुन्हा इंजिनाच्या श्वासात ओढून जाळून टाकतो. आज तुमच्या गाडीतही तो आहे.

मग अडतं कुठे? फुल थ्रॉटलला. पीसीव्ही चालतो इनटेक मॅनिफोल्डमधल्या ओढीवर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ती ओढ जवळजवळ संपते. टर्बो गाडीत तर तिथे उलट दाब तयार होतो, म्हणून एक व्हॉल्व्ह तो रस्ता बंद करतो आणि वायू टर्बोच्या तोंडाकडे वळवला जातो. म्हणजे ब्लो-बाय सर्वांत जास्त असतो, नेमकी तेव्हाच त्याला बाहेर काढणारी ओढ सर्वांत कमी. वर त्या वायूसोबत तेलाचे बारीक कण इनटेकमध्ये जातात आणि इंजिन नॉक करण्याची शक्यता वाढवतात.

पंप नेमकं काय करतो?

क्रँकच्या पुलीवरून बेल्टने फिरणारा हा पात्यांचा पंप असतो. वेग साधारण क्रँकच्या निम्मा. तो क्रँककेसमधली हवा ओढतो आणि एका टाकीत सोडतो, तिथे तेल खाली बसतं. किती ओढ तयार झाली ते 'इंच पारा' या मापात मोजतात. बीपी मिलिमीटर पाऱ्यात मोजतात, तसंच हे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण ३० इंच. पुणं ५६० मीटर उंचीवर, म्हणून इथे तो २८ इंचांच्या आसपास. रेसच्या इंजिनात बहुतेकदा १० ते १५ इंच ओढ ठेवतात.

आता एक गैरसमज. 'खालून ओढ आहे म्हणून पिस्टन जोरात खाली येतो आणि पॉवर वाढते' असं सर्रास सांगितलं जातं. पण तोच पिस्टन वर जाताना तीच ओढ त्याला मागे खेचते, हिशोब बरोबरीत सुटतो. खरा फायदा वेगळा आहे. रिंगांखालचा दाब कमी झाला की त्या आपल्या खोबणीत नीट बसतात, फडफडत नाहीत. त्यामुळे कमी ताणाच्या, कमी घर्षणाच्या रिंगा वापरता येतात. शिवाय क्रँकशाफ्ट विरळ हवेत, कमी तेल-धुक्यात फिरतो, म्हणून त्याला विरोध कमी. पॉवर मिळते ती या सगळ्यातून. मोठ्या अमेरिकन व्ही-८ रेस इंजिनात ती १०-२० हॉर्सपॉवर मिळू शकते. १०५ पीएसच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये, मूळ रिंगा तशाच ठेवून, याच्या आसपासही काही हाती लागणार नाही. पंप फिरवायलाही थोडी ताकद खर्च होतेच.

जास्त ओढ म्हणजे जास्त फायदा?

नाही, आणि इथेच इंजिन जातं. साध्या गाडीत तेल खालच्या चेंबरमध्ये असतं आणि पिस्टन पिनला बऱ्याच इंजिनांत उडणाऱ्या तेलाचाच आधार असतो. ओढ १५ इंचांच्या वर गेली की ते तेल-धुकं पुरेसं उरत नाही, पिन कोरडी पडून जाम होऊ शकते. म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह लागतोच. ठरावीक ओढीला तो उघडतो आणि बाहेरची हवा आत घेतो. ज्या इंजिनांत पिनला वेगळी तेलाची धार दिलेली असते, तिथे जास्त ओढ चालते. ड्राय सम्प इंजिनांना तर वेगळा पंप बहुधा लागतच नाही, कारण तेल उपसणारे त्यांचे पंपच हवाही ओढतात.

दुसरी गोष्ट सीलची. क्रँकचा ऑइल सील आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून बनवलेला असतो. आत ओढ तयार झाली की त्याची कड उचलली जाऊन बाहेरची हवा आत येते. हवेसोबत धूळही. पुण्यातली धूळ, तीही मेट्रोच्या खोदकामाची! म्हणून रेसवाले काही वेळा सील उलटा बसवतात.

आणि कृपा करून डिझेल गाडीचा व्हॅक्यूम पंप नाना पेठेतून उचलून आणू नका. नाव सारखं, काम वेगळं. रांजणगावच्या प्लांटमध्ये बनलेल्या १.३ मल्टिजेटसारख्या डिझेल इंजिनांवर असतो तो ब्रेक बूस्टरसाठी. डिझेलमध्ये पेट्रोलसारखी इनटेकची ओढ मिळत नाही, म्हणून कॅमशाफ्टवर हा पंप लावतात. बंद डब्यातली थोडीशी हवा काढणं एवढंच त्याचं काम. तो ती हवा सोडतो कुठे? इंजिनाच्याच आत! ब्लो-बायचा सततचा लोंढा उपसणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

मग कोणासाठी आहे हा पंप?

लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. तशा ठिकाणी ट्रेलरवर जाणारी, इंजिन पूर्ण खोलून बांधलेली गाडी असेल तर पंपाला अर्थ आहे. कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीसाठी नाही.

तुमच्या गाडीत तेल पाझरत असेल किंवा इनटेक पाइप तेलकट असेल, तर आधी पीसीव्हीचा डायफ्रॅम तपासा. फाटलेला निघण्याची शक्यता बरीच. मग लीक-डाउन टेस्ट करून रिंगा बघा. रिंगा गेल्या असतील तर पंप तो आजार फक्त झाकेल. दोन्ही ठीक असतील आणि गाडी रिमॅप केलेली असेल, तर बंद प्रकारचा कॅच कॅन बसवा. वायू त्यातून जाऊन परत इनटेकमध्येच जातो, तेल मात्र डब्यात राहतं. तो वेळोवेळी रिकामा करणं तेवढं लक्षात ठेवा.

'बंद प्रकारचा' हा शब्द महत्त्वाचा. पेट्रोल गाडीला मान्यता देताना क्रँककेसचा वायू हवेत जात नाही ना, याची वेगळी चाचणी होते. पंपाची टाकी उघड्यावर श्वास सोडत असेल, तर गाडी त्या मान्यतेच्या बाहेर गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार मालकाने परवानगी नसलेला बदल केला, तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता केलेल्या बदलामुळे अपघाताचा क्लेम अडकू शकतो, ते वेगळंच.