नीट आणि अकरावी-बारावी विज्ञान : दोन वर्षांच्या अभ्यासाची आखणी

दहावीचा निकाल लागला की विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या अनेक गोमंतकीय घरांत एकच प्रश्न उभा राहतो. उच्च माध्यमिक विद्यालयाचा अभ्यास आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षा ह्यांचा मेळ कसा घालायचा? पुष्कळ विद्यार्थी ह्या दोहोंकडे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून पाहतात. सकाळ विद्यालयाला देतात, संध्याकाळ शिकवणीला, आणि दोन्हीकडे अर्धवट राहतात. वास्तविक ह्या दोन परीक्षांचा पाया एकच आहे. वेगळी आहे ती प्रश्न विचारण्याची रीत आणि वेळेचे गणित. हा फरक ध्यानात घेऊन दोन वर्षांची आखणी कशी करावी, ह्याचे विवेचन पुढे केले आहे.

परीक्षेचे स्वरूप

वैद्यकीय पदवी प्रवेशासाठीची राष्ट्रीय पात्रता तथा प्रवेशपरीक्षा, म्हणजेच नीट, प्रथम २०१३ साली झाली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. २०१९ पासून तिचे संचालन राष्ट्रीय चाचणी संस्था करते. एमबीबीएस व बीडीएस ह्यांच्याबरोबरच आयुर्वेद आणि होमिओपॅथी ह्या पदव्यांचे प्रवेशही हिच्याच गुणांवर होतात. त्यामुळे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय व गोवा दंत महाविद्यालय असो, की शिरोड्याची आयुर्वेद व होमिओपॅथी महाविद्यालये असोत, वाट ह्याच परीक्षेतून जाते.

२०२५ पासून प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न असून सर्व अनिवार्य आहेत आणि वेळ १८० मिनिटांचा आहे. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा होतो. एकूण गुण ७२०. म्हणजे बरोबर आणि चुकीच्या उत्तरात पाच गुणांचे अंतर पडते. निम्मे गुण, ३६०, एकट्या जीवशास्त्राचे आहेत. दोन विद्यार्थ्यांचे गुण समान झाल्यास आधी जीवशास्त्राचे, मग रसायनशास्त्राचे आणि नंतर भौतिकशास्त्राचे गुण पाहिले जातात. आखणी करताना हे प्रमाण सदैव समोर असावे.

अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग जाहीर करतो. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र ह्यांचे प्रत्येकी २० घटक आणि जीवशास्त्राचे १० घटक त्यात आहेत. जीवशास्त्राच्या दहापैकी पाच घटक अकरावीचे आणि पाच बारावीचे आहेत. सजीवांची विविधता, प्राणी व वनस्पतींची रचना, पेशी, वनस्पतींचे आणि मानवाचे शरीरक्रियाशास्त्र हे अकरावीत येतात; पुनरुत्पादन, अनुवंशशास्त्र व उत्क्रांती, जीवशास्त्र आणि मानवी कल्याण, जैवतंत्रज्ञान, परिसंस्था हे बारावीत. सर्वांत मोठा धडा ह्या विभागणीतच दडलेला आहे.

अकरावी हातची जाऊ देऊ नये

अकरावीची परीक्षा विद्यालयाच्या पातळीवर होते. दहावीच्या मंडळ परीक्षेचा शीण, नवे विद्यालय, नवे मित्र आणि 'खरी परीक्षा बारावीला' ही समजूत, ह्या साऱ्यांत अकरावीचे वर्ष सहज निसटते. नीटसाठी मात्र ह्याच वर्षाचा वाटा जवळजवळ निम्मा आहे. अकरावी कच्ची राहिलेला विद्यार्थी बारावीत एकाच वेळी तीन ओझी उचलू पाहतो : बारावीचा नवा अभ्यास, अकरावीची भरपाई आणि मंडळाची परीक्षा. त्यांपैकी निदान एक खाली पडते, आणि बहुतेक वेळा ते भरपाईचेच असते.

अकरावीच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत गणिती हत्यारे घासून घ्यावीत. सदिश, त्रिकोणमिती, आलेख वाचणे, कलनाची प्राथमिक ओळख आणि घातांक-लॉगॅरिथम एवढे आले की गतिशास्त्र अडत नाही. गणित विषय न घेतलेल्यांना हे विशेष लागू आहे. रसायनशास्त्रात मोल संकल्पना, अणुरचना आणि रासायनिक बंध ही प्रकरणे पक्की झाल्याखेरीज पुढे धावू नये. बारावीतील द्रावणे, विद्युत्-रसायन आणि अभिक्रियेचा वेग ह्यांची गणिते मोल संकल्पनेवरच उभी असतात. तसेच सेंद्रिय रसायनाची मूलतत्त्वे अकरावीत समजली नाहीत, तर बारावीतील अल्कोहोल, आल्डिहाइड, अमाइन ही प्रकरणे केवळ पाठांतर बनतात. जीवशास्त्रात पेशी आणि जैवरेणू आधी झाले की शरीरक्रियाशास्त्र सोपे जाते.

अकरावीची वार्षिक परीक्षा संपल्यावर मिळणारा काळ हा दोन वर्षांतील सर्वांत मोलाचा मोकळा काळ होय. नव्या शिकवणीची घाई करण्यापेक्षा त्या आठवड्यांत अकरावीच्या तिन्ही विषयांची एक संपूर्ण उजळणी करून बहुपर्यायी प्रश्न सोडवावेत.

विषयांची निवड

नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी आवश्यक आहेत. गणित आवश्यक नाही. गणित सोडल्याने आठवड्याचे कित्येक तास मोकळे होतात हे खरे. पण त्याबरोबर अभियांत्रिकीची वाट बंद होते आणि भौतिकशास्त्रातील पुढील शिक्षणही कठीण होते. ज्याचा कल अजून निश्चित नाही, त्याने अकरावीत तरी गणित ठेवणे श्रेयस्कर. ज्याचे मन वैद्यकावर ठाम आहे आणि ज्याला गणिताचा मुळातच जाच वाटतो, त्याने सोपा वाटणारा दुसरा विषय घेऊन वेळ वाचवण्यात वावगे नाही. उलट प्रसंगही उद्भवतो : जीवशास्त्र न घेता बारावी झालेल्याला नंतर वैद्यकाची ओढ वाटते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या निर्णयानुसार बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय उत्तीर्ण करणाऱ्यांनाही नीटला बसता येते.

विद्यालयाची परीक्षा आणि पात्रता

नीटमध्ये उत्तम गुण मिळाले, पण बारावी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र ह्या विषयांसह उत्तीर्ण झाली नसेल, तर एमबीबीएसचा प्रवेश मिळत नाही. शिवाय प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. कमाल वयाची अट आता नाही. म्हणून विद्यालयाकडे पाठ फिरवून केवळ शिकवणीवर विसंबणे हा धोक्याचा व्यवहार आहे.

प्रात्यक्षिकांकडे ह्याच दृष्टीने पाहावे. नीटच्या भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्ये हा स्वतंत्र घटक आहे : व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज, साधा लंबक, मीटर ब्रिज, भिंग व लोलक, डायोड. रसायनशास्त्रातही क्षारांचे विश्लेषण आणि अनुमापन ह्यांवर प्रश्न येऊ शकतात. प्रयोगशाळेत जर्नल नुसते उतरवून काढणारा विद्यार्थी तेच तास पुढे घरी पुन्हा खर्च करतो. प्रयोगाच्या दिवशीच त्याचे तत्त्व, लघुतम माप आणि चुकांची कारणे समजून घेतली तर मंडळाचे प्रात्यक्षिक आणि नीट अशी दोन कामे एका तासात होतात.

बारावीचे वर्ष : महिन्यांचा हिशेब

गोव्यात बारावीची मंडळ परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. २०२३, २०२४ आणि २०२५ ह्या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी झाली. ह्या दोन खुणा धरून मागे मोजत यावे.

चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत : बारावीच्या अभ्यासक्रमाचा सुमारे निम्मा भाग. विद्यालयात जे प्रकरण चालू असेल, त्याचेच बहुपर्यायी प्रश्न त्याच आठवड्यात सोडवावेत. शिकवणीचा क्रम वेगळा असेल तर विद्यालयाच्या क्रमाला प्राधान्य द्यावे. एकाच वेळी दोन क्रम चालवल्यास दोन्ही प्रकरणे कच्ची राहतात. ह्या काळात दर रविवारी अकरावीच्या एका प्रकरणाची उजळणी चालू ठेवावी.

चतुर्थीपासून दिवाळीपर्यंत : सहामाही परीक्षा आणि अभ्यासक्रमाचा पुढचा भाग. दिवाळीच्या सुट्टीत सुटून गेलेल्या गोष्टी हाती घ्याव्यात. उदाहरणार्थ, पी-खंडातील मूलद्रव्ये नीटच्या अभ्यासक्रमात आहेत, परंतु एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या कपातीत हा भाग गळला आहे. वर्गात तो शिकवला जाईल ह्या भरवशावर राहिल्यास तो राहूनच जातो.

नोव्हेंबर-डिसेंबर : बारावीचा अभ्यासक्रम पूर्ण. नाताळच्या सुट्टीत पहिली पूर्ण लांबीची सराव परीक्षा द्यावी. गुण कमी आले तरी हरकत नाही. कोणता विषय वेळ खातो हे कळणे हा तिचा हेतू.

जानेवारी ते मंडळ परीक्षा : दीर्घोत्तरी लेखन, आकृत्या, निष्पत्ती, प्रात्यक्षिके. ह्या काळात नीटचा सराव दिवसाला एक तासावर आणावा, पण अगदी थांबवू नये. नीटचे अर्जही बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन मंडळ परीक्षेच्या धामधुमीत भरावे लागतात. छायाचित्रे, ओळखपत्र आणि गटाचा वा निवासाचा दाखला डिसेंबरातच तयार ठेवण्याचे काम पालकांनी उचलावे. एक दाखला न मिळाल्याने परीक्षेच्या आदल्या दिवशी मामलेदार कचेरीत खेपा घालण्याची पाळी विद्यार्थ्यावर येऊ नये.

शेवटचे आठवडे

मंडळाची परीक्षा संपल्यापासून नीटपर्यंत साधारण सात ते नऊ आठवडे मिळतात. पहिले तीन आठवडे अकरावीच्या उजळणीला, पुढचे दोन-तीन बारावीला, आणि उरलेले सराव परीक्षांना द्यावेत. नीट दुपारी २ ते ५ ह्या वेळात होते. गोव्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील दमट दुपारी आपण एरवी डुलकी काढतो. म्हणून सराव परीक्षाही त्याच वेळी, घड्याळ लावून द्यावी. वेळेची वाटणी साधारण अशी करता येते : जीवशास्त्र ५० मिनिटे, रसायनशास्त्र ५०, भौतिकशास्त्र ६५ आणि उत्तरपत्रिकेतील वर्तुळे पडताळण्यासाठी १५. प्रत्येक सराव परीक्षेनंतर तेवढाच वेळ चुका तपासण्यात घालवावा. न समजल्याने झालेली चूक, हिशेबाची चूक आणि घाईची चूक अशा तीन याद्या वहीत ठेवल्या, की पुढच्या आठवड्यात काय करायचे ते आपोआप ठरते.

तासांचा प्रामाणिक हिशेब

पेडणे, सत्तरी किंवा काणकोणहून पणजी-मडगावकडे शिकवणीला जाणाऱ्या विद्यार्थ्याने कदंबच्या प्रवासाचे तासही मोजावेत. शिकवणीचे तीन तास आणि जाण्यायेण्याचे दोन तास धरले, तर विद्यालय झाल्यावर स्वतः वाचण्यास जेमतेम दोन तास उरतात. ऐकलेले पचवण्यास वेळच नसेल तर शिकवणीचा लाभ होत नाही. अशांनी आठवड्यातून दोनच दिवसांची शिकवणी घेणे, केवळ अडणाऱ्या विषयापुरती घेणे, अथवा घरबसल्या चालणारे वर्ग निवडणे ह्यांचा विचार करावा. झोप सात तासांखाली आणून वाढवलेला अभ्यास फार काळ टिकत नाही.

मंडळ आणि भाषा

नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांशी बहुतांशी जुळतो. महाराष्ट्र मंडळातून शिकणाऱ्यांची पुस्तके बालभारतीची असतात. सावंतवाडी-दोडामार्ग बाजूच्या विद्यार्थ्यांनी दोन्ही पुस्तकांतील प्रकरणांचा ताळा वर्षाच्या आरंभीच करून घ्यावा. परीक्षा १३ भाषांत होते व त्यांत मराठीचा समावेश आहे, कोकणीचा नाही. प्रादेशिक भाषेतील प्रश्नपत्रिका त्या त्या राज्यातील केंद्रांवर मिळते, म्हणून गोवा, बेळगाव किंवा इंदूरच्या मराठी विद्यार्थ्याने भाषा निवडण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका काळजीपूर्वक वाचावी. भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जातो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांनी अकरावीपासूनच संज्ञांची दोन रकान्यांची वही ठेवल्यास भाषेची अडचण पुष्कळशी दूर होते.

दुसरा प्रयत्न आणि दुसरी वाट

सरकारी महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्याच्या प्रक्रियेतून भरल्या जातात; गोव्यात ही प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालय राबवते. जागा मोजक्या असल्याने चांगला अभ्यास करूनही पहिल्या वर्षी प्रवेश हुकू शकतो. प्रयत्नांच्या संख्येवर मर्यादा नाही. तथापि एक वर्ष घरी बसण्याचा निर्णय आकड्यांवर घ्यावा, आशेवर नव्हे. सराव परीक्षांतील गुण अखेरपर्यंत वाढत होते काय? अकरावीचा भाग राहिला म्हणून गुण गेले काय? ह्यांची उत्तरे होकारार्थी असतील तर वर्ष देण्यात अर्थ आहे. अभ्यासक्रम पूर्ण करूनही गुण एकाच पातळीवर थांबले असतील, तर औषधनिर्माण, परिचर्या, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र ह्या वाटांचे अर्ज त्याच उन्हाळ्यात भरून ठेवावेत. २०२४ साली प्रश्नपत्रिका फुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, १,५६३ परीक्षार्थींसाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली आणि सुधारित निकाल जुलैअखेरीस लागला. ज्यांनी अन्य अर्ज भरून ठेवले होते, त्यांना त्या अनिश्चित काळातही पर्याय उरले.

परीक्षेची तारीख आपल्या हाती नसते. अकरावीचा पहिला दिवस मात्र आपल्या हाती असतो, आणि दोन वर्षांची आखणी तेथूनच सुरू करावी.