शत्रू कसा असावा?

लपाछपीत ज्याच्यावर राज्य आलंय तो मठ्ठ निघाला तर खेळात मजा उरत नाही. आणि तो फारच चलाख निघून दर डावाला अर्ध्या मिनिटात सगळ्यांना हुडकून काढू लागला, तरी पोरं कंटाळून घरी जातात. समोरचा गडी कच्चा लिंबू नको आणि सर्वज्ञही नको, हे आपल्याला लहानपणीच कळलेलं असतं. पण हीच गोष्ट यंत्राला शिकवायला अमेरिकेतल्या भल्याभल्या इंजिनिअरांना कित्येक वर्षं खपावं लागलं. त्याचाच हा थोडक्यात इतिहास. विषय आहे व्हिडिओ गेम्स, आणि त्यातही परग्रहावरच्या प्राण्यांवर गोळ्या झाडायचे खेळ.

नाक मुरडू नका मंडळी. मी राहतो सिअ‍ॅटलजवळ, लेक वॉशिंग्टन नावाच्या लांबलचक तळ्याच्या बाजूला. या तळ्याच्या पूर्वेला कर्कलंड आणि रेडमंड ही शेजारशेजारची गावं आहेत (रेडमंड म्हणजे मायक्रोसॉफ्टचं गाव). ज्या तीन खेळांबद्दल मी मुख्यतः लिहिणार आहे, ते तिन्ही १९९८ ते २००५ या काळात याच दोन गावांतून बाहेर पडले. शिवाय माझा धंदाही सॉफ्टवेअरचाच, त्यामुळे शेजारी काय शिजतंय ते बघायची खोड आहेच. तिसरंही एक कारण आहे, ते ओघात येईल.

सुरुवात १९६२ सालापासून करू. बोस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठात पीडीपी-१ नावाचा कपाटाएवढा काँप्युटर आला होता. स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी त्यावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ लिहिला. पडद्यावर दोन अवकाशयानं, मधोमध एक तारा, त्याचं गुरुत्वाकर्षण दोघांनाही ओढणार, आणि एकमेकांवर क्षेपणास्त्रं सोडायची. या खेळात शत्रू कसा असावा हा प्रश्नच नव्हता, कारण शत्रू तुमच्या कोपराला कोपर लावून बसलेला असायचा. हुशारी, भीती, चिडचिड, सगळं तो घरूनच घेऊन यायचा. यंत्राकडे फक्त हिशेब होता.

पंचाईत झाली ती हे खेळ नाणं टाकून खेळायच्या यंत्रांत गेल्यावर. एकट्या आलेल्या गिऱ्हाइकाला शत्रू पुरवायचा तर तो यंत्रानेच पुरवायला हवा. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादोने 'स्पेस इन्व्हेडर्स' केला, तो लगेच अमेरिकेतही आला. त्यात अकरा-अकराच्या पाच ओळींत ५५ परग्रहवासी कवायत करत खाली उतरतात. डोकं कुणालाच नाही. पण यंत्राचा प्रोसेसर इतका दुबळा होता की ५५ चित्रं काढताना तो रखडायचा, आणि जसजसे शत्रू मरत तसतसं त्याचं काम हलकं होऊन उरलेले जोरात धावू लागत. निशिकादोच्या हे लक्षात आलं आणि त्याने ते तसंच ठेवलं. शेवटचा उरलेला शत्रू वेड्यासारखा पळतो तेव्हा खेळणाऱ्याला वाटतं, हा आता जिवावर उदार झालाय! प्रत्यक्षात तो फक्त एकटा उरलेला असतो. दिसतं एक आणि असतं दुसरंच, हा प्रकार या इतिहासात पुनःपुन्हा भेटणार आहे.

मग १० डिसेंबर १९९३ रोजी आला 'डूम'. टेक्सासमधल्या मेस्कीट या गावी आयडी सॉफ्टवेअर नावाच्या छोट्याशा कंपनीत तो तयार झाला. मंगळाच्या चंद्रांवर नरकातले राक्षस अवतरलेत आणि तुम्ही एकटेच उरलाय, एवढीच गोष्ट. हे राक्षस सरळ तुमच्या अंगावर येतात, त्यांना डावपेच ठाऊक नाहीत. तरीही दोन गोष्टींनी ते जिवंत वाटतात. एक म्हणजे त्यांना ऐकू येतं. तुम्ही एका खोलीत बंदूक उडवलीत की आवाज उघड्या दारांतून पुढच्या खोल्यांत पोचतो आणि तिथले राक्षस जागे होतात. दुसरं म्हणजे त्यांची आपसात जुंपते. एकाचा आगीचा गोळा चुकून दुसऱ्या जातीच्या राक्षसाला लागला की तो तुम्हाला सोडून त्याच्यावर धावतो! मग शहाणा खेळाडू दोघांच्या मधे उभा राहतो, नेमक्या क्षणी बाजूला होतो आणि कोपऱ्यात उभं राहून तमाशा बघतो. शत्रूला रागही येतो आणि तो राग आपल्याला वापरता येतो, हे कळल्यावर खेळाची लज्जत वाढते.

आता डूमचं नाव काढलं की १९९९ साली कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत झालेला गोळीबार आठवणारच. तो करणारी दोन्ही पोरं डूमची शौकीन होती. त्यानंतर इकडे या खेळांवर पुष्कळ चर्चा झाली, आणि आपल्याकडचे आईबापही तोच प्रश्न विचारतात, की यातून पोरं मारामारी शिकतात का? मला मात्र या चर्चेत एक प्रश्न कमी ऐकू आला: हे खेळ शत्रूबद्दल काय शिकवतात? म्हणून पुढे चलू.

१९ नोव्हेंबर १९९८ रोजी कर्कलंडच्या व्हॅल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ' आला. मायक्रोसॉफ्ट सोडून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन या दोघांनी ही कंपनी १९९६ साली काढली होती. इथे नायक एक भौतिकशास्त्रज्ञ आहे. न्यू मेक्सिकोतल्या गुप्त प्रयोगशाळेत एक प्रयोग बिघडतो आणि दुसऱ्या जगातले प्राणी आत शिरतात. मग सरकार सैन्य पाठवतं, आणि हे सैनिक प्राण्यांबरोबर शास्त्रज्ञांनाही ठार करू लागतात. हे सैनिक तेव्हा फार गाजले. ते एकमेकांशी रेडिओवर बोलतात, तुम्ही आडोशाला दडलात तर हातगोळा फेकून बाहेर काढतात, जखमी झाले तर माघार घेतात. व्हॅल्व्हने नंतर या खेळाच्या कोडचा बराच भाग हौशी लोकांसाठी खुला केला, तो मी चाळलाय. त्यात एका तुकडीतल्या सैनिकांसाठी गोळीबाराच्या जागा मोजून दोन ठेवल्या आहेत. दोघे झाडत असतील तर तिसऱ्याने थांबायचं, किंवा तोवर दुसरं काहीतरी करायचं. जुन्या हिंदी सिनेमात दहा गुंड हीरोला घेरतात पण अंगावर एकेकटेच येतात, त्यातलाच हा प्रकार! फरक इतकाच की इथे थांबलेला गडी नुसता उभा न राहता जागा बदलतो, त्यामुळे तो आपल्याला बगल देऊन मागून येतोय असं वाटतं.

यानंतरचा टप्पा 'हेलो'चा. हा खेळ बंजी कंपनीचा. बंजी मूळची शिकागोची. २००० साली मायक्रोसॉफ्टने ती विकत घेऊन रेडमंडला आणली, आणि १५ नोव्हेंबर २००१ला एक्सबॉक्सबरोबर हेलो बाजारात आला. त्यातला शत्रू म्हणजे 'कॉव्हेनंट' नावाची, धर्माने बांधलेली परग्रहवासीयांची आघाडी. त्यात चार मुख्य जाती भेटतात. ग्रंट हे बुटके, बडबडे आणि घाबरट; त्यांचा म्होरक्या पडला की हात वर करून पळत सुटतात. आपल्या दशावतारात संकासुराची जी जागा, साधारण तीच यांची. असतो शत्रू, पण पोरांचा लाडका. जॅकल हे ढालीमागून नेम धरणारे. हंटर हे अवाढव्य आणि कायम जोडीने फिरणारे, त्यांची पाठ तेवढी उघडी. आणि एलीट हे उंच, मानी योद्धे, हातगोळा दिसला की उडी मारून बाजूला होणारे, एखादे वेळी चवताळून सरळ अंगावर येणारे. लांबून आकार ओळखला की आता काय होणार याचा अंदाज येतो, आणि अंदाज थोडासा चुकतोही. शिवाय त्यांना सगळं ठाऊक नसतं. तुम्ही खडकामागून गुपचूप दुसरीकडे सटकलात तर ते जिथे तुम्हाला शेवटचं पाहिलं त्याच जागेवर गोळ्या झाडत राहतात.

बंजीच्या जेमी ग्रीझमर आणि ख्रिस बुचर या दोघांनी २००२ सालच्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक मजेदार अनुभव सांगितला. खेळ बाजारात आणण्यापूर्वी त्यांनी तो लोकांना खेळायला देऊन बघितला. एका गटाला लवकर मरणारे शत्रू दिले, दुसऱ्या गटाला तेच शत्रू जास्त चिवट करून दिले. अक्कल तीच, कोड तोच. पण चिवट शत्रूंशी लढलेल्यांना शत्रू खूपच हुशार वाटले! कारण उघड आहे. एका गोळीत गार होणाऱ्याला आपली हुशारी दाखवायला वेळच मिळत नाही. आपल्या शाहिरांना हे काही नवीन नव्हतं. अफझलखानाच्या पोवाड्यात खानाचा दरारा, त्याचं सैन्य, भर दरबारात उचललेला विडा, हे सगळं आधी येतं आणि प्रतापगड नंतर. खान पहिल्याच कडव्यात पडला असता तर पोवाडा ऐकायला कोण थांबलं असतं?

तिसरा खेळ पुन्हा कर्कलंडचा, मोनोलिथ कंपनीचा 'फिअर', ऑक्टोबर २००५. (ही कंपनी २०२५ साली बंद झाली.) यात दुरून मनाने हुकूम झेलणारे, साच्यातून काढल्यासारखे सैनिक आहेत. त्यांची अक्कल जेफ ऑर्किन या इंजिनिअरने लिहिली, आणि त्यासाठी त्याने वापरली एक जुनी कल्पना. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९६६ ते १९७२ या काळात 'शेकी' नावाचा एक डुगडुगता रोबो बनवला होता. त्याच्यासाठी फाइक्स आणि निल्सन यांनी १९७१ साली 'स्ट्रिप्स' ही पद्धत काढली. यंत्राला पायऱ्या पढवायच्या नाहीत. ध्येय सांगायचं, आणि कुठल्या कृतीला काय लागतं व तिने काय बदलतं एवढं सांगायचं. पायऱ्या त्याने स्वतः जुळवायच्या. शेकीने या पद्धतीने ठोकळे ढकलले, आणि फिअरच्या सैनिकांनी आडोसे शोधले.

पण ऑर्किनने २००६ साली लिहिलेल्या निबंधात मला सर्वांत आवडली ती गोष्ट वेगळीच आहे. तुकडीतला शेवटचा सैनिक उरला की तो रेडिओवर कुमक मागवतो. कुमक पाठवायची सोयच खेळात नाही! पण तुम्ही पुढे गेलात की आधीपासून तिथे ठेवलेले सैनिक भेटतात, आणि तुम्हाला वाटतं की त्याने बोलावलेले हेच. शत्रूची निम्मी अक्कल आपणच आपल्या डोक्यात तयार करतो, इंजिनिअरने फक्त त्याला तोंड द्यायचं.

या तिन्ही खेळांचा हिशेब मांडला तर काय दिसतं? शत्रू रंगतदार व्हायला नेम अचूक असावा लागत नाही. त्याला जिवाची भीती हवी, सोबती हवेत, आवाज हवा, आणि न कळणाऱ्या गोष्टी हव्यात. म्हणजे तो थोडासा आपल्यासारखा हवा.

आता ते तिसरं कारण. हेलो आला तो ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर दोन महिन्यांनी. त्या चार दिवसांतच, १५ सप्टेंबर २००१ला, अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी बलबीर सिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घालून मारलं गेलं. दाढी आणि पगडी एवढाच त्यांचा गुन्हा. त्या काळात मला नोकरीनिमित्त वरचेवर विमानाने फिरावं लागे. एका विमानतळावर मला तीन खेपा रांगेतून बाजूला घेतलं. तिन्ही वेळा तपासणाऱ्याने मला एक प्रश्नही विचारला नाही. चेहरा पाहिला, बॅग उचकली, जा म्हणाला. त्याच्या जागी त्याचं काम तो करत होता. पण एखाद्याच्या नजरेत आपल्याला आवाज नाही, भीती नाही, घर नाही, नुसता आकार आहे, म्हणजे काय हे मला तिथे कळलं.

४ जुलै २००२ला अमेरिकन लष्कराने तरुणांनी भरती व्हावं म्हणून 'अमेरिकाज आर्मी' हा खेळ फुकट वाटायला सुरुवात केली. त्यात इंटरनेटवरून दोन तुकड्या एकमेकींशी लढतात, आणि एक करामत आहे: प्रत्येक खेळाडूला आपली तुकडी अमेरिकन दिसते आणि समोरची शत्रूची. समोरच्यांनाही तसंच दिसतं. शत्रू म्हणून कुणालाच खेळता येत नाही! म्हणजे तुम्ही लढता तो खरं तर तुमच्यासारखाच कुणी असतो, फक्त यंत्र ते तुम्हाला दिसू देत नाही.

आणि ९ नोव्हेंबर २००४ला आला 'हेलो २'. पहिल्या खेळात एलीट अगम्य भाषेत गुरगुरायचे. या खेळात ते इंग्रजी बोलू लागले, आणि काही वेळाने खेळणाऱ्याला कळतं की आता आपणच एक एलीट आहोत. पराभवाबद्दल स्वकीयांनी डाग देऊन अपमानित केलेला सेनापती, आपल्या धर्मगुरूंवर भाबडा विश्वास असलेला. ज्या कड्यांना ते पवित्र म्हणतात ती खरी संहाराची शस्त्रं आहेत, हे त्याला हळूहळू उमगत जातं, आणि त्याच्याबरोबर आपल्यालाही. पुष्कळ पोरं तेव्हा रागावली, की आम्हाला आमचा नायक परत द्या! रागावणं समजण्यासारखं आहे. ज्यांना तीन वर्षं मारलं त्यांच्या डोळ्यांनी बघणं सोपं नसतंच.

याने जगात शांतता वगैरे नांदली नाही, आणि व्हिडिओ गेमकडून तशी अपेक्षाही नाही. 'अमेरिकाज आर्मी' २०२२ साली लष्कराने बंद केला, 'हेलो'चे नवे भाग पुढेही येत राहिले. एवढंच सुचवतो, की घरात एखादं पोर असला खेळ खेळत बसलं असेल तर किती मारले हे विचारू नका. समोरचा कशाला घाबरतो ते विचारा. उत्तर चटकन आलं तर तो खेळ बरा आहे असं समजायला हरकत नाही.