उष्णता सहन करणारे प्लास्टिक म्हणजे काय? चार्जरची पिन वितळते, मग फोनचा पोर्ट का नाही?

मी अहेरीचा, काम सॉफ्टवेअरचं. पण उन्हाळ्यात गावी आलो की कुणी ना कुणी काळी पडलेली चार्जिंग केबल दाखवतं आणि विचारतं, "उन्हाने वितळली का रे?" आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्यामुळे शंका रास्त आहे. तरी दोष उन्हाचा नसतो. कसा, ते पाहूया.

प्लास्टिक मऊ कधी होतं?

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. ठराविक तापमानाला त्या हलू लागतात आणि कडक वस्तू लवचीक होते. याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. बादली-डब्याचं प्लास्टिक स्वस्त असतं. पण जिथे वजन, घर्षण आणि उष्णता सोसायची असते तिथे इंजिनिअरिंग प्लास्टिक लागतं.

मुख्य प्रकार आणि उपयोग

- एबीएस: सुमारे १०५ अंशांना मऊ होतं. रिमोट, कीबोर्ड.
- पॉलिकार्बोनेट: सुमारे १४७ अंश. चार्जरची बॉडी, हेल्मेटची पारदर्शक काच.
- नायलॉन ६६: सुमारे २६० अंशांना वितळतं. काचतंतू मिसळला की गाडीच्या इंजिनजवळही टिकतं.
- एलसीपी: फोनमधले बारीक कनेक्टर. सर्किट बोर्डाचं सोल्डरिंग होताना भट्टीचं तापमान २५० अंशांच्या आसपास जातं, ते यांना सोसावं लागतं.
- पीक: ३४३ अंशांना वितळतं. विमानाचे भाग, मणक्याचे इम्प्लांट. किंमतही तशीच!

कुकरची काळी मूठ यांच्यापेक्षा वेगळी. ती बेकेलाइटसारख्या प्लास्टिकची असते. लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये शोधलेलं हे प्लास्टिक एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, फार तापलं तर जळतं.

मग पिन का वितळते?

४५ अंशांच्या उन्हात एबीएससुद्धा मऊ पडत नाही. खरी उष्णता पिनच्या टोकाला तयार होते. फास्ट चार्जिंगमध्ये केबलमधून ३ अँपिअर किंवा जास्त करंट जातो. पिन ढिली असेल, पोर्टमध्ये धूळ किंवा ओल असेल, तर तिथला रोध वाढतो आणि तेवढीच जागा तापते. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. पोर्टच्या आतलं प्लास्टिक सोल्डरिंगची भट्टी सोसून आलेलं असतं. केबलचं बाहेरचं आवरण मात्र बहुधा पीव्हीसीसारखं मऊ असतं. म्हणून आधी तेच हार मानतं.

खरेदी करताना काय बघाल?

चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर-' ने सुरू होणारा नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. प्लास्टिकला 'व्ही-०' दर्जा असेल तर ज्वाला बाजूला घेतल्यावर ते १० सेकंदांत विझतं आणि कापूस पेटवणारे जळते थेंब पडत नाहीत. रात्री गादीवर फोन चार्जिंगला लावून झोपणाऱ्यांसाठी ही साधी गोष्ट नाही.

आणि पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी झालं, वाकलं किंवा जळका वास आला, तर ती केबल टेप गुंडाळून वापरू नका. ती सरळ बाजूला करा आणि नवी लावण्याआधी पोर्ट साफ करून घ्या.