पाण्याची वीज, कोळशाची वीज : नॉर्डेल ते नॉर्ड पूल

नॉर्वेत डोंगर, बर्फ आणि पाणी; त्यामुळे तिथली जवळजवळ सगळी वीज धरणांची. डेन्मार्क मात्र सपाट. अडवावी अशी नदीच नाही, म्हणून तिथे कोळसा आला आणि पुढे वारा. अशा शेजाऱ्यांनी एकमेकांना वीज द्यावी, हे उघड होते. १९१५ साली स्वीडन आणि डेन्मार्क यांच्यामधल्या सामुद्रधुनीत केबल पडली आणि स्वीडनच्या नद्यांची वीज समुद्रापलीकडे पोहोचली. भरपूर पावसाच्या साली उत्तरेची वीज दक्षिणेला, कोरड्या साली कोळशाची वीज उत्तरेला, असा हा व्यवहार.

१९६३ साली या व्यवहाराला संस्थेचे रूप आले. ‘नॉर्डेल’ ही नॉर्डिक देशांच्या वीज क्षेत्रातल्या जाणत्या मंडळींची सल्लागार संस्था. तिला हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता, शिफारशी करायच्या एवढेच. गंमत म्हणजे आयसलंडही सभासद होता आणि त्याला जोडणारी एकही केबल नव्हती; आजही नाही! नॉर्डेलनंतर दोन वर्षांनी स्वीडन आणि जटलंड (डेन्मार्कचा पश्चिम भाग) यांच्यात ‘कोंटी-स्कॅन’ केबल आली, ती डीसी म्हणजे एकदिश प्रवाहाची. जटलंडची वीज जर्मनीच्या तालात चालते, स्वीडनची वेगळ्या. दोन्हीकडे ५० हर्ट्झ असले तरी ताल एक नाही, म्हणून थेट जोडता येत नव्हते.

दर ठरवण्याची त्या काळची रीत मला फार आवडते. समजा, विकणाऱ्याला वीज दहाला पडते आणि घेणाऱ्याला स्वतः बनवली तर वीसला. मग भाव पंधरा. वाचलेले पैसे अर्धे-अर्धे. यासाठी दोघांनी आपला खरा खर्च एकमेकांना सांगावा लागतो. तो ते सांगत. माझ्या मते या संस्थेची खरी कमाई केबली नव्हेत, ही सवय होय.

मग बाजार आला. नॉर्वेने १९९० साली कायदा करून वीज विक्री खुली केली. १९९६ साली स्वीडन सामील झाला आणि ‘नॉर्ड पूल’ हा अनेक देशांचा पहिला वीजबाजार उभा राहिला. फिनलंड १९९८ मध्ये, जटलंड १९९९ मध्ये, उरलेला डेन्मार्क २००० मध्ये आला. दुपारी बारापर्यंत खरेदीदार-विक्रेत्यांनी उद्याच्या बोली द्यायच्या. केबलींत जागा असेल तोवर सगळीकडे भाव एक, त्या भरल्या की विभागागणिक वेगळा. या बाजाराची परीक्षा २००२ च्या शरदात झाली. पाऊस दडी मारून बसला, धरणे खाली गेली, भाव भडकले. पण अंधार झाला नाही.

२००९ मध्ये नॉर्डेल युरोपातल्या वीजजाळे-चालकांच्या संघटनेत विलीन झाली. बाजार मात्र वाढत गेला : एस्टोनिया २०१०, लिथुआनिया २०१२, लाटविया २०१३. फेब्रुवारी २०२५ मध्ये या तिघांनी रशियाशी असलेली जुनी तारजोड तोडून युरोपच्या जाळ्याशी जोडणी केली.

शेजाऱ्यांत कुरबुरही आली. २०२१ मध्ये नॉर्वेहून जर्मनी आणि ब्रिटनकडे प्रत्येकी १४०० मेगावॅटच्या केबली सुरू झाल्या. त्यानंतर दक्षिण नॉर्वेत वीज महागली. कारणे अनेक होती, गॅसटंचाई त्यांत मोठी. पण राग केबलींवर निघाला. ‘आमचे पाणी, आमची धरणे, मग भाव जर्मनीचा का?’ हा सवाल मूर्खपणाचा नाही. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय ऊर्जा नियमांवरून नॉर्वेच्या आघाडी सरकारमधून सेंटर पक्ष बाहेर पडला. वाचलेला पैसा अर्धा-अर्धा वाटण्याचा हिशेब कंपन्यांपुरता होता; घरच्या बिलात तो दिसत नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून नॉर्ड पूलमध्ये तासाऐवजी पाव तासाचा भाव निघतो, दिवसाला ९६. आपल्या भारतीय वीजबाजारात ही पद्धत २०१२ पासून आहे.