वाड्याच्या अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आता इतका सरकारी झाला आहे की तो मुळात कुणाच्या अंगणातून निघाला, हे कोणी विचारत नाही. खाऊ मिळतो, पोरांचं वजन होतं, लस टोचतात ती अंगणवाडी, एवढंच आपल्या घरोघरी माहीत. स्मरणिकांमधून आपण शाळा-कॉलेजांचा इतिहास लिहितो, तो लिहायलाच हवा. पण तीन-चार वर्षांच्या लेकरांसाठी झटलेल्या एका संस्थेचा इतिहासही आपल्या बायाबापड्यांनी आणि तरुणांनी वाचावा असा आहे, कारण त्या इतिहासात आपला वाडा आहे.

ही संस्था म्हणजे नूतन बाल शिक्षण संघ. १९२६ साली ती गुजरातेत भावनगरला निघाली. वकिली सोडून शिक्षक झालेले गिजुभाई बधेका आणि मराठी घरातल्या ताराबाई मोडक ही दोन माणसं तिच्या मुळाशी. ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. वडील प्रार्थना समाजाचे. त्या काळात, १९१४ साली, ही बाई पदवीधर झाली. मॅडम माँटेसरी या इटालियन बाईंचे विचार या दोघांनी वाचले आणि आपल्याकडे आणले. छडी नको, घोकंपट्टी नको, मूल खेळता खेळता शिकतं, मोठ्यांनी फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं. आज हे सगळे बोलतात. 'छडी लागे छमछम'च्या काळात ते बोलायला हिंमत लागत होती. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला.

इथपर्यंतचा इतिहास चांगला आहे, पण खरं सांगायचं तर तो आपला नाही. भावनगर काय, दादर काय, तिथं येणारी मुलं बहुतेक खात्यापित्या घरची. माँटेसरीची साधनंही महाग. लाकडी ठोकळे, दट्ट्यांच्या पेट्या, रंगांच्या पट्ट्या. ही गरिबाच्या पोराच्या हाती लागायची कधी? ताराबाईंचं मोठेपण हे की हा प्रश्न दुसऱ्या कुणी विचारायच्या आधी त्यांनी स्वतःला विचारला. वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ साली, त्या मुंबईतलं जमलेलं काम सोडून बोर्डीला गेल्या. समुद्रकाठचं हे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता ते पालघर जिल्ह्यात आहे. तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

बरोबर होत्या अनुताई वाघ. त्या ३५ वर्षांच्या. पुणे जिल्ह्यातलं मोरगाव हे त्यांचं जन्मगाव. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि काही महिन्यांतच कपाळ पांढरं झालं. पुढे शिकल्या, पुण्यात शिक्षिकेची नोकरी केली, आणि ती सोडून ताराबाईंबरोबर खेड्यात आल्या. दोघी ब्राह्मणी वळणात वाढलेल्या, हेही नोंदवून ठेवू. कुणी कुठून आलं यापेक्षा कुठं गेलं हे पाहावं, असं मला वाटतं.

ते १९४५ साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी, जुलैत, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या पट्ट्यात वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले, गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करीत होत्या. एका टोकाला कॉलेज, एका टोकाला रानातला लढा, आणि मधे ही दोन बायांची बालवाडी. एकमेकांशी या तिन्ही गोष्टींचा काही करार नव्हता. पण ज्याला माणूसच धरलं नव्हतं त्याच्या दाराशी काळ येऊन उभा राहिला होता.

बोर्डीत केंद्राची बालवाडी होती. पण दलित वाड्यातली आणि पाड्यांवरची मुलं तिथं येईनात. (त्या वेळच्या कागदांत 'हरिजनवाडा' असा शब्द असे, आपल्या लोकांनी तो कधीच मनावर घेतला नाही, मीही इथं घेत नाही.) मुलं का येईनात, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. अंगावर धड कापड नाही, आई-बाप पहाटे कामावर, धाकट्याला सांभाळायला थोरली घरात, आणि गावात पाऊल टाकायचं तर आधी कुणाच्या नजरेला नजर भिडणार याची धास्ती. इतर कोणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही. या दोघींनी उलटा हिशेब मांडला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच मुलाच्या अंगणात न्यायची.

म्हणून नाव पडलं अंगण-बालवाडी. बाई वस्तीत जायची, पोरांना हाका मारायची, एखाद्याचं अंगण झाडून घ्यायची. आधी हातपाय धुणं, नखं काढणं, केस विंचरणं. मग गाणी, गोष्टी, खेळ. वेळ घड्याळाची नव्हे, वस्तीच्या सोयीची. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, चिंचोके, बिया, पानं, खडे, बांबूचे तुकडे आले. शिंपले मोजून मूल आकडे शिकतं आणि बियांच्या रांगा लावून त्याचा हात लिहिण्यासाठी तयार होतो. विकत काही आणावं लागत नाही. शिवाय ते साधन त्याच्या ओळखीचं असतं, त्याला हात लावायला पोर भीत नाही.

यातली सगळ्यांत मोठी गोष्ट मला वाटते ती 'वाड्याच्या अंगणात' ही. शिवाशिवीच्या काळात वरच्या जातीच्या घरातली बाई वाड्यात येऊन लेकराचं तोंड धुते, त्याचे केस विंचरते, याचा अर्थ आई लगेच ओळखते. त्याला भाषण लागत नाही.

१९५७ साली काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांमध्ये गेलं. तिथं आणखी एक अडचण सुटली. थोरली पोर शाळेत का येत नाही, तर कडेवर धाकटं आहे म्हणून. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हणत. ताई वर्गात, बाळ पाळण्यात, मधलं बालवाडीत. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. १९७३ साली त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे नेलं, १९८४ ला त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ साली त्या वारल्या.

नाव देशभर गेलं. नावाबरोबर अंगण गेलं का, हा प्रश्न आहे. योजना वाढली तशी जागा कुठली हे गावातले वजनदार ठरवू लागले. अंगणवाडी देवळाच्या ओट्यावर किंवा वरच्या आळीत भरली की आपल्या वस्तीतलं पोर दारातून परत यायचं. बोर्डीचा प्रश्न पुन्हा पहिल्या पानावर आला. अखेर तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात ७ ऑक्टोबर २००४ च्या आदेशात कोर्टाने सांगितलं की अनुसूचित जाती-जमातींच्या सगळ्या वस्त्यांवर लवकरात लवकर अंगणवाडी झाली पाहिजे. जे दोन बायांनी झाडू हातात घेऊन केलं, ते करवून घ्यायला जवळजवळ साठ वर्षांनी कोर्टाचा हुकूम लागला.

शिकवणाऱ्या बाईचंही तसंच. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांत आपल्या वस्त्यांमधल्या लेकीसुना पुष्कळ. त्यांना पगार नाही, 'मानधन' म्हणतात. ग्रॅच्युइटीवर त्यांचा हक्क आहे, एवढं मान्य व्हायला २५ एप्रिल २०२२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल यावा लागला.

त्याच अन्नाच्या खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी आणखी एक आदेश झाला, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. ज्या वस्तीत सहा वर्षांखालची निदान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केल्यापासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. गावाकडे ज्यांचे भाऊबंद अजून वाड्यात राहतात त्यांनी या सुट्टीत गेल्यावर लेकरं मोजावीत. ४० भरली तर अर्ज बालविकास प्रकल्प कार्यालयात द्यायचा आणि त्याची पोच मागून घ्यायची.